सुखमा ऱ्हाय

वाकून पाया पडलं की मोठी माय डोक्यावरून हात फिरवायची आणि दोनच शब्द बोलायची, ‘सुखमा ऱ्हाय.’ आमच्या नंदुरबार-धुळ्याकडे आजीला मोठी माय म्हणतात. अहिराणीतला ‘मा’ हा प्रत्यय मराठीतल्या ‘त’चं काम करतो. घरमा म्हणजे घरात, वावरमा म्हणजे वावरात, सुखमा म्हणजे सुखात. लहानपणी या दोन शब्दांकडे लक्ष गेलं नाही. पुढे शब्दांची मुळं शोधायचा नाद लागला आणि एक दिवस उमगलं की ‘तुला सुख मिळो’ असं मोठी माय कधीच म्हणाली नव्हती. घरात राहावं, वावरात राहावं, तसं सुखात राहा, असं ती म्हणायची. तिच्या बोलण्यात सुख ही राहण्याची जागा होती.

सुख या शब्दाचं मूळ शोधत गेलं तर तेही एका जागेपाशीच पोचतं. ती जागा असते गाडीच्या चाकात.

सुख या शब्दाची जुनी फोड ‘सु’ आणि ‘ख’ अशी आहे. सु म्हणजे चांगलं. ख म्हणजे भोक, छिद्र, पोकळी. आकाश ही सगळ्यात मोठी पोकळी, म्हणून आकाशही ख. त्यातून जाणारा तो खग, आकाशाचा गोल तो खगोल. डोळे, कान, नाक, तोंड ही शरीराची दारं, म्हणून इंद्रियांनाही ख म्हणत. यास्काने निरुक्तात सुखाचा अर्थ याच वाटेने लावला आहे. इंद्रियांना जे हितकर ते सुख, असं तो म्हणतो आणि ख हा शब्द ‘खन्’ म्हणजे खणणे या धातूशी नेऊन जोडतो. पण ऋग्वेदात सुख भेटतं ते रथाच्या सोबतीने, त्याचं विशेषण म्हणून. सुख रथ म्हणजे न अडखळता, न कुरकुरता धावणारा रथ. त्याच ऋग्वेदात अपालेच्या कथेत रथाच्या, गाडीच्या आणि जुवाच्या भोकाला ख हाच शब्द आला आहे. यावरून अभ्यासकांनी असं मानलं की सुखातला ख म्हणजे चाकाच्या तुंब्यातलं भोक, ज्यात आख बसतो. ते भोक नीट कोरलेलं असलं की रथ सुख.

दुसरंही एक मत आहे. त्या मताप्रमाणे सुख हे ‘सुस्थ’ या शब्दाचं प्राकृत वळणाचं रूप आहे. सुस्थ म्हणजे आपल्या ठिकाणी नीट असलेला. या दोन मतांचा निवाडा मी करणार नाही. मला मोलाचं वाटतं ते हे, की कोणत्याही वाटेने गेलं तरी आपण एकाच गावी पोचतो. सुख म्हणजे नीट बसलेलं असणं.

ज्याने लाकडी चाकाची बैलगाडी वंगणताना पाहिली आहे, त्याला हे पुस्तकातून समजून घ्यावं लागत नाही. आमच्याकडे ते काम सारंगखेड्याच्या यात्रेआधी व्हायचं. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो, आणि गावोगावच्या गाड्या तिकडे निघायच्या. आदल्या दिवशी आजोबा गाडी अंगणात घ्यायचे. एक बाजू खांद्याने उचलून खाली टेकू लावायचे, खीळ काढायचे आणि दोन्ही हातांनी चाक ओढून बाहेर घ्यायचे. उघडा पडलेला आख झिजून झिजून आरशासारखा चमकायचा. गाडीखाली बांबूचा एक नळा टांगलेला असे. त्यात काळपट एरंडेल आणि एक चिंधी. त्या चिंधीने ते आधी तुंब्याचं भोक आतून पुसायचे, मग बोट आत घालून चाचपायचे. कुठे ठिसूळ झालंय, कुठे खडा अडकलाय, ते बोटाला कळायचं. मग तेल. आखाला घट्ट बसणारं चाक बैलाचा जीव काढतं, आणि सैल बसणारं चाक वाटेत डुगडुगून धाव पाडतं. मधे एक बारीक फट हवी, आणि त्या फटीत तेल हवं. ती फट म्हणजेच तो ख.

या चित्रानंतर आपल्या रोजच्या बोलण्याकडे पाहावं. मराठी माणूस ‘मी सुखात आहे’ असं म्हणतो. दुःखातही आपण ‘असतो’, आनंदातही ‘असतो’. खिशात पैसा असतो तसं सुख आपल्यात नसतं, आख तुंब्यात असतो तसे आपण त्यात असतो. प्रवासाचा आणि सुखाचा जुना घरोबाही भाषेने सोडलेला नाही. गावाला पोचलं की आपण फोन करतो तो ‘सुखरूप पोचलो’ हे सांगायला. बाळंतपणही एक खडतर वाटच, म्हणून तिथेही ‘सुखरूप सुटली’ हाच शब्द. निरोप देताना प्रवास सुखाचा होवो, असंच आपण म्हणतो. रथ गेले, दमण्या गेल्या, बैलगाड्याही विरळ झाल्या, तरी सुख या शब्दाने चाकाची संगत टाकली नाही.

याच कुळातला आणखी एक शब्द आमच्या जिल्ह्यात फार ऐकू येतो. तो म्हणजे सुखासुखी. दिवाळी झाली की धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, पण पोट भरायला हद्द ओलांडणाऱ्याला ती रेघ दिसत नाही. डोक्यावर भांड्यांचं बोचकं, कडेला लेकरू, हाताला कोंबडी. त्यांच्यातल्या कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं. सुखासुखी कोण घर सोडतं? या एका शब्दात माणसाच्या स्वभावाचा फार जुना जोखा आहे. नीट बसलेलं चाक आपणहून निखळत नाही. निखळलं तर कुठेतरी झीज झालेली असते, कुठेतरी तेल संपलेलं असतं.

दुःख हा शब्द सुखाच्याच साच्यावर घडलेला दिसतो. जिथे ‘सु’ तिथे ‘दुस्’. भोक वाकडं कोरलेलं, आख घासतोय, लाकूड कुरकुरतंय. दुःखाची ही कल्पना मला फार खरी वाटते, कारण ती दुःखाला शिक्षा मानत नाही, पाप मानत नाही. दोन गोष्टी एकमेकींवर कोरड्या घासल्या जात आहेत, एवढंच ती सांगते. नवराबायको, बाप आणि लेक, माणूस आणि त्याचं काम, माणूस आणि त्याचं गाव. कोरडं घासणं जिथे असेल तिथे आवाज येणारच.

आणि इथे सातपुड्यातल्या एका डोंगराची आठवण येते. अक्राणी तालुक्यात अस्तंबा नावाचं शिखर आहे. हे नाव म्हणजे अश्वत्थाम्याचंच रूप, असं लोक मानतात. महाभारतातल्या सौप्तिक पर्वात त्याने झोपेत असलेल्यांना मारलं. मग त्याच्या कपाळीचा मणी गेला, आणि तीन हजार वर्षं एकटं भटकण्याचा शाप त्याला मिळाला. शापातला सगळ्यात जड शब्द ‘एकटं’ हा आहे. त्याच्याशी कुणी बोलणार नाही, असं कृष्णाने सांगितलं. पण आमच्याकडच्या लोकांनी ही कथा तिथे थांबू दिली नाही. इथे ऐकायला मिळतं ते असं, की अश्वत्थामा अजून या डोंगरात फिरतो, भळभळत्या जखमेवर घालायला येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तेल मागतो, आणि वाट चुकलेल्याला वाटेवर आणून सोडतो. दिवाळीच्या दिवसांत हजारो माणसं, त्यात आदिवासी तरुण फार, रात्रीच्या अंधारात हा डोंगर चढतात.

तो तेल का मागतो? औषध मागावं, पाणी मागावं, क्षमा मागावी. तेलच का? कथा सांगणाऱ्यांना उत्तर देण्याची गरज वाटत नाही, पण भाषेत ते उत्तर पडून आहे. संस्कृतात तेलाला स्नेह म्हणतात. ‘स्निह्’ म्हणजे चिकटणं, ओलसर असणं, आणि तिथूनच माया करणं. वैद्याच्या पोथीत स्नेह म्हणजे तेल-तूप, घरात स्नेह म्हणजे जिव्हाळा. आपण ‘स्नेही’ म्हणतो, ‘स्नेहभोजन’ म्हणतो, संक्रांतीला तिळगूळ देतो. तीळ म्हणजे तेलाची खाण, आणि तेल या शब्दाचा जन्मही तिळातूनच झालेला. बोलायलाही कुणी नको असा शाप ज्याला मिळाला, तो दारोदार स्नेह मागत फिरतो. सातपुड्यातल्या माणसांनी त्याला डोंगर दिला, आणि वर्षातून एकदा त्याच्या दारी जायची वाट पाडली. ज्याने एवढं वाईट केलं त्याच्याबद्दल एवढी माया वाटणं, हा मला माणसाच्या स्वभावाविषयीचा मोठा पुरावा वाटतो.

त्या चढणीवर विश्वास या शब्दाचा अर्थही कळतो. तो शब्द ‘वि’ आणि ‘श्वस्’ यांपासून आला आहे. श्वस् म्हणजे श्वास घेणं. विश्वास म्हणजे मोकळा, निर्धास्त श्वास. रात्री कड्याच्या कडेने चढताना श्वास आपोआप धरला जातो. पुढचा माणूस पाय ठेवतो तिथेच आपण पाय ठेवतो. त्याची ओळख नसते, नाव ठाऊक नसतं. तरी दहा-वीस पावलांनंतर आपला श्वास सैल होतो. तो सैल झालेला श्वास म्हणजे विश्वास. आधी पुरावा, मग निष्कर्ष, मग विश्वास, अशी चढण शब्दाने सांगितलेली नाही. कुणाच्या सोबतीने छातीवरचा दगड उतरला, एवढंच शब्दाला माहीत आहे. लहान मूल बापाच्या खांद्यावर झोपतं तेव्हा त्याच्या श्वासाकडे पाहावं, म्हणजे कोशाची गरज उरत नाही.

विश्वासाचं सख्खं भावंड म्हणजे आश्वासन. भ्यालेल्याचा अडकलेला श्वास परत आणणं, हा त्याचा मूळ अर्थ. हा शब्द किती जड आहे, हे नर्मदेच्या काठाला विचारावं. सरदार सरोवराच्या फुगवट्यात आमच्या जिल्ह्याच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं आली. मणिबेली त्यात पहिलं. जमिनीच्या बदल्यात जमीन, गावाच्या बदल्यात गाव, हे शब्द ज्यांना ऐकवले गेले त्यांतल्या कितीतरी जणांना वर्षानुवर्षं श्वास धरून बसावं लागलं. आश्वासन पाळलं गेलं नाही की फसवणूक होते, ही झाली एक गोष्ट. शब्दाच्या मुळापाशी गेलं की दुसरी दिसते. ज्याने आश्वासन दिलं त्याने समोरच्याचा श्वास आपल्या हाती घेतलेला असतो. तो हातात घेऊन विसरून जाणं, याला काय म्हणावं?

विश्वासाहून श्रद्धा वेगळी. तिची घडण ‘श्रत्’ आणि ‘धा’ अशी. धा म्हणजे ठेवणं. श्रत् या जुन्या शब्दाचं नातं भाषाशास्त्रज्ञ हृदयाशी जोडतात, आणि लॅटिनमधला ‘क्रेदो’, म्हणजे ‘मी मानतो’, तोही याच कुळातला सांगतात. इथून रोमपर्यंतच्या माणसांनी एकाच रीतीने म्हटलं, की श्रद्धा म्हणजे काळीज काढून कुठेतरी ठेवणं. मराठीत आपण आजही श्रद्धा ‘ठेवतो’. शब्दात धा दडलेला आहे हे विसरून आपण पुन्हा ठेवण्याचं क्रियापद लावतो, इतका तो अर्थ अंगात मुरला आहे. समाधान या शब्दातही हाच धा आहे. नीट एकत्र ठेवणं, जुळवून ठेवणं म्हणजे समाधान. म्हणून शंकेचंही समाधान होतं आणि मनाचंही. इतस्ततः पडलेलं सामान जागच्या जागी लागलं की घराला जे वाटतं ते.

पण ठेवलेली गोष्ट सांभाळावी लागते, आणि तिथे आमच्या डोंगरातल्या बोलीने एक फार चांगला शब्द जपला आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीला दूरदूरचे लोक येतात. रात्रभर ढोल वाजतो, पायातल्या घुंगरांचा नाद चालतो, आणि पहाटे होळी पेटते. अंगावर राखेची नक्षी काढलेले बावा-बुध्या नाचतात. त्यांनी नवस बोललेला असतो आणि होळीच्या दिवसांत ते ‘पालनी’ करतात. खाटेवर झोपायचं नाही, बायकोपासून दूर राहायचं, खाण्यापिण्याचे नेम सांभाळायचे. पालनी म्हणजे आपलं पाळणं. मराठीत आपण गाय पाळतो, नेम पाळतो, आणि दिलेला शब्दही पाळतो. तिन्हींना एकच क्रियापद. गाय पाळायची म्हणजे रोज पहाटे उठून चारा घालायचा, शेण काढायचं, आजारी पडली तर रात्र जागायची. दिलेला शब्दही तसाच पाळायचा असतो. गाय आवडते असं नुसतं म्हटल्याने गाय जगत नाही.

आजकाल श्रद्धेचा वाद निघाला की आपण लगेच ‘तुम्ही मानता की नाही’ असं विचारतो. हा प्रश्न चुकीचा नाही. जिथे श्रद्धेच्या नावाखाली एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळलं जातं, तिथे तो विचारलाच पाहिजे, ठणकावून विचारला पाहिजे. आमच्या डोंगरांनी तेही पाहिलं आहे. काळीज कुठे ठेवलं आहे हे तपासायची जबाबदारी ठेवणाऱ्याचीच असते. पण पाळणं या शब्दात आणखी एक प्रश्न आहे. तुझ्या मानण्यासाठी तू स्वतः काय सोडलंस? बावा-बुध्या झालेला माणूस स्वतः जमिनीवर झोपतो. दुसऱ्याला झोपायला लावत नाही. ज्या श्रद्धेची किंमत श्रद्धाळू स्वतः मोजतो ती पालनी, आणि जिची किंमत दुसऱ्याकडून वसूल केली जाते तिला हा शब्द लावता येत नाही.

माणूस हा शब्द मनुष्य-मानुषातून आला, त्यांच्यामागे मनु आहे, आणि मनूचं नातं ‘मन्’ म्हणजे विचार करणे, मानणे या धातूशी लावलं जातं. यास्क मात्र मनुष्याची आणखी एक फोड देतो. विचार करून जे कर्मं शिवतात ते मनुष्य, असा तिचा आशय. आजच्या व्युत्पत्तिशास्त्रात ही फोड टिकणार नाही, पण तिचा विचार टिकतो. माणूस एक टाका घालतो, मग मागच्या टाक्याकडे पाहून पुढचा घालतो. अंगणात बसून जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या मोठ्या मायला हे सांगितलं असतं तर तिला नवल वाटलं नसतं.

शेवटचा शब्द आमच्या तालुक्यातून सगळ्या देशात गेला. 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली या छोट्याशा गावात देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली. त्या दिवसापासून आधार म्हणजे बारा आकडे, असा अर्थ कोट्यवधी लोकांच्या तोंडी बसला. त्याआधी हा शब्द आमच्याकडे माणसाचं नाव होता. खान्देशात आधार नावाचे पुरुष गावोगाव भेटतात. म्हातारपणी टेकायला, संकटात धरायला हा होईल, या आशेने आईबापांनी ठेवलेलं ते नाव. आधार आला ‘धृ’ या धातूपासून. धृ म्हणजे धरणं, पेलणं. धर्म त्याचाच, धरणी त्याचीच. पाणी अडवणारं धरण त्याचंच, आणि त्या धरणापुढे न्याय मागायला बसलेल्यांचं धरणंही त्याचंच. एका धातूत केवढं हे घर! कुणी पाणी धरलं, कुणी जमीन धरली, कुणी धीर धरला. धर्म म्हणजे काय यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत, पण शब्दाचं म्हणणं थोडक्यात आहे. जे पेलतं ते. ज्याने कुणाचा भार पेलला जात नाही त्याला दुसरं नाव शोधावं लागेल.

एवढे शब्द एकापुढे एक मांडले की एक गोष्ट मला लख्ख दिसते. सुखाला आख आणि चाक असे दोघे लागतात. स्नेह दोघांच्या मधे असतो. कुणाच्या तरी सोबतीने सुटलेला श्वास तो विश्वास. काळीज ठेवायला दुसरं कुणी लागतं, आणि आधाराला टेकणारा आणि पेलणारा असे दोघे लागतात. ज्यांनी हे शब्द घडवले त्या गाडीवानांना, गुराख्यांना, वाटसरूंना एकट्याचं सुख ठाऊकच नव्हतं असं दिसतं. सगळ्यात मोठा शाप कोणता, हे विचारल्यावर त्यांच्यातल्या कथाकारांनी ‘एकटं भटकणं’ असं सांगितलं, ते उगीच नाही.

आजोबांचं ते काम मी अजून पुरतं सांगितलेलं नाही. तेल घालून झालं की ते चाक परत आखावर सरकवायचे, खीळ ठोकायचे, पण टेकू लगेच काढायचे नाहीत. गाडी तशीच आधारावर उचललेली ठेवून ते एक आरा धरून चाकाला हलकीशी गती द्यायचे आणि कान तुंब्यापाशी नेऊन डोळे मिटायचे. अंगणातल्या आम्हा पोरांना गप्प बसायची खूण व्हायची. चाक फिरत राहायचं, फिरत राहायचं, आणि आम्हाला काहीच ऐकू यायचं नाही. तेव्हा आजोबा मान डोलवून टेकू काढायचे. ओसरीवरून मोठी माय विचारायची, ‘व्हयनं का?’ आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्या गाडीत बसून तापीकडे निघायचो.